रेडिओवाल्याची भुते

रामसे हे आडनाव ऐकून आमच्या पिढीतल्या कित्येकांचा समज झाला होता, की ही मंडळी अँग्लो-इंडियन असावीत. चित्रपटात क्रूस असायचा, दफनभूमीत धुके असायचे आणि श्रेयनामावलीत एकामागून एक सात-आठ रामसे यायचे. आम्हा मुरूड-अलिबागकडच्या पोरांना ते कुणी विलायती जादूगारांचे घराणेच वाटे. प्रत्यक्षात हे आडनाव एका दुकानाच्या गल्ल्यावर जन्माला आले. फतेहचंद उत्तमचंद रामसिंघानी हे सिंधी गृहस्थ फाळणीपूर्वी, आज पाकिस्तानात असलेल्या मुलखात, रेडिओची विक्री-दुरुस्ती करत. गिऱ्हाइकांत गोरे साहेब असत. त्यांच्या जिभेला रामसिंघानी काही पेलेना, त्याचे रामसे झाले. फतेहचंदांनी ते कायमचे लावून घेतले. गिऱ्हाइकाला जे उच्चारता येते तेच आपले नाव, असा हा हिशेबी माणूस. पुढे हिंदी भयपटाचा कारखाना त्याच्या घरात उभा राहिला त्याचे मूळ मला या हिशेबात दिसते.

1947 साली घरदार मागे टाकून ते मुंबईला आले. निर्वासित सिंधी कुटुंबांपैकी हजारो जण कल्याणच्या लष्करी छावण्यांत, म्हणजे पुढे ज्याचे उल्हासनगर झाले तिथे, दिवस काढत होते. फतेहचंदांच्या हातात धंदा होता, त्यामुळे त्यांनी लॅमिंग्टन रोड गाठला आणि पुन्हा रेडिओचे दुकान थाटले. ज्यांना जुनी मुंबई ठाऊक आहे त्यांना या रस्त्याचे मर्म सांगायला नको. एकीकडे रेडिओ, व्हॉल्व्ह, तारा विकणारी दुकाने आणि त्याच परिसरात एकाला एक लागून चित्रपटगृहे. जवळच नाझ सिनेमाच्या इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या. कोणत्या चित्रपटाने नागपुरात किती गल्ला केला आणि कोणता सोलापुरात दुसऱ्या आठवड्यात उतरला, याच्या गप्पा तिथल्या चहाबरोबर फुकट मिळत. रेडिओ विकणाऱ्या माणसाचे कान तिकडे न लागते तरच नवल.

त्यांनी चित्रपटात पैसा घातला तो मात्र भुताखेतांच्या नव्हे. 1954 चा ‘शहीद-ए-आजम भगत सिंग’ हा त्यांचा सुरुवातीचा चित्रपट. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात, फाळणीत पोळलेल्या माणसाने भगतसिंगांवर चित्रपट काढावा यात नवल नाही. त्यांची खरी हौस मोठ्या, भारदस्त, ऐतिहासिक चित्रपटांची होती. 1963 साली ती ‘रुस्तम सोहराब’मध्ये पुरी झाली. पृथ्वीराज कपूर, प्रेमनाथ आणि सुरैया अशी नटमंडळी, सज्जाद हुसेन यांचे संगीत. सुरैयाचा हा अखेरचा चित्रपट. आणि दिग्दर्शक? विश्राम बेडेकर!

इथे मराठी वाचक थबकेल. 1939 साली ‘रणांगण’ लिहिणारे, प्रभातच्या ‘रामशास्त्री’च्या दिग्दर्शनात ज्यांचा वाटा होता ते, पुढे ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारे बेडेकर. मराठी साहित्याच्या इतिहासात त्यांचे पान वेगळे आणि हिंदी भयपटाच्या इतिहासात रामसे यांचे पान वेगळे. ही दोन पाने कुणी जोडून वाचत नाही. ‘रणांगण’मध्ये भूत नाही, पिशाच नाही. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवर देशोधडीला लागलेली ज्यू माणसे आहेत, कोणत्या बंदरात आपल्याला उतरू देतील याची त्यांना शाश्वती नाही. मराठीत भीतीचे इतके खरे चित्रण मी दुसरे वाचलेले नाही. देशोधडीला लागणे म्हणजे काय हे फतेहचंदांनाही पुस्तकातून शिकायचे नव्हते. या दोघांनी मिळून आधी बापलेकांची गोष्ट केली. फिर्दौसीच्या ‘शाहनामा’तली, न ओळखता बाप मुलाला रणात मारतो ती. सात मुलांच्या बापाने हा विषय घ्यावा याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे, कारण या बापाने पुढे नेमके उलटे केले.

त्यानंतर सात वर्षांनी याच जोडीने ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला. साल 1970. पृथ्वीराज पुन्हा होते, शिवाय मुमताज आणि त्या वेळी नवखा असलेला शत्रुघ्न सिन्हा. चित्रपट साफ आपटला. फतेहचंदांचे पैसे बुडाले आणि चित्रपटाचा नाद सोडून मुकाट्याने दुकान सांभाळावे, या विचारापर्यंत ते आले. पण चित्रपटात एक प्रसंग होता. पृथ्वीराज सैतानी मुखवटा आणि अंगभर विचित्र पोशाख चढवून चोरी करायला जातो. पोलिसांच्या गोळ्या त्याला लागत नाहीत, त्याला पाहून माणसांची बोबडी वळते. तुलसी आणि श्याम हे दोघे मुलगे चित्रपटगृहात प्रेक्षकांमध्ये बसले असताना त्यांच्या लक्षात आले, की लोक बाकी चित्रपटाला कंटाळतात, या प्रसंगाला मात्र ओरडतात, शिट्ट्या मारतात. पिटातल्या काही मंडळींचे तिकीट तेवढ्यासाठीच होते. मुलांनी घरी येऊन बापाला सांगितले, की दोन-अडीच तासांचा चित्रपट नकोच, त्या काही मिनिटांचाच चित्रपट करू.

हिंदी भयपटाच्या इतिहासात हा प्रसंग आता दंतकथेसारखा सांगितला जातो आणि त्यात शहाणपणाचे सारे श्रेय मुलांना जाते. मला महत्त्वाचे वाटते ते बापाचे वागणे. पन्नाशीतला, नुकताच पोळलेला, भारदस्त चित्रपटांचे स्वप्न पाहिलेला माणूस पोरांचे ऐकतो. ज्यावर आपण पैसा आणि प्रतिष्ठा लावली तो चित्रपट लोकांना नको आहे, त्यातला मुखवटा हवा आहे, हे तो गिळतो. कलावंताला हे गिळता आले नसते. दुकानदाराला आले. मात्र त्यात काहीतरी मेलेही असेल. ‘रुस्तम सोहराब’ काढणाऱ्या निर्मात्याने त्या वळणाचा चित्रपट पुन्हा काढला नाही.

पण पोरांना उचलून कॅमेऱ्यामागे उभे करण्याइतका तो भोळा नव्हता. बाहेरची माणसे नेमायची तर पगार आले, नखरे आले. मग घरातच सगळी खाती वाटली. थोरला कुमार कथा-पटकथा लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू छायालेखन, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, केशूकडे निर्मितीची धावपळ. या सातांना घेऊन फतेहचंद काश्मीरला गेले आणि एका हाउसबोटीत त्यांची शाळा भरवली. क्रमिक पुस्तक एकच, जोसेफ मॅसेली या अमेरिकन छायालेखकाचे छायालेखनावरचे. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट होतीच, पण तिथे एका घरातली सात मुले एकदम कोण घेणार? कॅमेरा कुठे ठेवायचा, प्रकाश कसा पाडायचा, हे पोरे पाण्यावर डुलत शिकली. सरावासाठी आधी एक सिंधी चित्रपट केला आणि मग 1972 साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला.

तो महाबळेश्वरला झाला. सगळे कुटुंब बसमध्ये घालून वर नेले, सरकारी विश्रामगृहात मुक्काम, स्वयंपाकाला फतेहचंदांची पत्नी आणि घरातल्या बायका. सेट लावायचा नाही, नट नामांकित नकोत, कपडे ज्याचे त्याने आणायचे. सारा खर्च साडेतीन लाखांत भागला, असे सांगतात. त्या काळी मोठ्या चित्रपटात याहून जास्त पैसा एका नायकाच्या मानधनात जाई. गल्ला खर्चाच्या कितीतरी पट आला आणि बापाचे दुकानाकडे परत जाणे टळले.

या यशात एक गोष्ट अशी होती, जी फक्त रेडिओवाल्यालाच सुचावी. या चित्रपटाची जाहिरात रेडिओवर गाजली. करकरणारे दार, वाऱ्याचा घोंघाट, किंकाळी, मग चित्रपटाचे नाव. रात्री दिवा मालवून विविध भारती ऐकणाऱ्या घरांत ती भीती तिकीट न काढता पोचली. आजही डोळे मिटून रामसे यांचा कोणताही चित्रपट ऐकून पाहा. मुखवटे रबराचे वाटतात, रक्त लाल रंगाचे वाटते, पण आवाज अजून काम करतात. पायऱ्यांवरची पावले, दूरवरची घंटा, झुंबराची किणकिण. हा बापाचा वारसा आहे असे मी मानतो. भीती आधी कानातून शिरते हे ज्याने आयुष्यभर डबडी उघडून आवाज दुरुस्त केले, त्याला कुणी शिकवायला नको होते.

आता आमच्या किनाऱ्याकडे येतो. अलिबागहून मुरूडला जाताना नांदगाव मागे पडले, की डाव्या हाताच्या टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा दिसतो. 1885 च्या सुमारास नवाब सिद्दी अहमदखान यांच्या काळात बांधलेला, अहमदगंज पॅलेस. मोगली घुमट आणि विलायती टोकदार कमानी यांची सरमिसळ. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, नवाबी संपली, वाडा खासगी मालकीचा राहिला. पर्यटक जंजिरा पाहायला येतात आणि हा वाडा रस्त्यावरूनच बघून पुढे जातात. आत कुणाला सोडत नाहीत. दारे बंद असलेली एवढी मोठी वास्तू, मागे झाडी, समोर समुद्र. रामसे बंधूंनी तिला हेरले नसते तरच आश्चर्य. 1984 चा ‘पुराना मंदिर’ याच वाड्याच्या आधाराने उभा आहे.

हा चित्रपट मी आमच्याच तालुक्यात, पत्र्याच्या छपराखाली पाहिला. वाडा पडद्यावर आला मात्र, प्रेक्षकांत हशा पिकला. इकडे ज्या कमानीखाली आम्ही पावसाला थांबायचो तिथे नायिका किंचाळत होती. शेजारी बसलेले एक मासेविक्रेते काका मोठ्याने सांगत होते, की त्या खिडकीतून समुद्र दिसतो, थडगे नाही. पण दहा मिनिटांनी हसणे थांबले. दोनशे वर्षांपूर्वी शिरच्छेद झालेल्या सामरीचे शीर एका पेटीत बंद, धड दुसरीकडे, आणि राजघराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरणार असा शाप. सामरी झालेले अजय अगरवाल शिक्षणाने इंजिनिअर. उंची आणि चेहरा असा, की रंगभूषाकाराला फार कष्ट नव्हते. खेळ सुटल्यावर त्या रात्री वाड्यापुढच्या रस्त्याने सायकलवर कुणी एकटा गेला नाही, एवढे मला ठाऊक आहे.

जुने घर भाड्याने घेऊन भुते उभी करण्याची युक्ती फतेहचंदांच्या घरची नव्हे. इंग्लंडच्या हॅमर कंपनीने 1950 च्या दशकात थेम्सकाठच्या ब्रे इथली एक जुनी हवेली अशीच वापरली. स्टुडिओचे भाडे परवडत नव्हते म्हणून घर घेतले, आणि तेच जिने, तेच दिवाणखाने ‘ड्रॅक्युला’त, ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये रंग बदलून पुन्हा पुन्हा दिसले. गरिबीतून शैली जन्माला येते ती अशी. फरक एवढाच, की हॅमरचे घर रिकामे होते आणि मुरूडच्या वाड्याला खराखुरा इतिहास होता. हबशी दर्यावर्दींचे राज्य, तीनशे वर्षे कुणाला न सर झालेला किल्ला, कोळी, आगरी, कुणबी, मुसलमान यांचे एकत्र नांदणे आणि भांडणे. यातले रामसे यांनी काही घेतले का? काहीही नाही. नवाबाच्या वाड्यात ठाकूर आणि राजे आणून बसवले, सैतान पश्चिमेकडून उचलला, त्याला मारायला त्रिशूळ दिला. आमच्याकडे मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, जखीण विहिरीवर, असा प्रत्येकाचा पत्ता ठरलेला. चित्रीकरणाच्या काळात यांनी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारले असते तर दहा चित्रपटांची सामग्री हाती आली असती. दुकानदाराचे उत्तर मला माहीत आहे. कानपूरपासून कोल्हापूरपर्यंत जे चालेल तेच भूत त्याला हवे. गिऱ्हा कानपूरच्या जिभेला पेलणार नाही, जसे रामसिंघानी साहेबाच्या जिभेला पेलले नव्हते.

तरीही या चित्रपटांना नावे ठेवून मोकळे होणाऱ्या समीक्षकांच्या रांगेत मला बसायचे नाही. स्नानगृहातली दृश्ये ओंगळ होती, विनोदी उपकथानके असह्य होती, ‘पुराना मंदिर’मध्ये जगदीप ‘शोले’ची नक्कल करत अर्धा तास खातो. सगळे कबूल. पण त्याआधीचे हिंदी चित्रपट पाहा. 1949 च्या ‘महल’पासून 1962 च्या ‘बीस साल बाद’पर्यंत आणि पुढे ‘वह कौन थी’पर्यंत, पांढऱ्या साडीतली बाई गाणे म्हणत धुक्यातून जाते आणि शेवटी ती जिवंतच निघते. कुणाचा तरी इस्टेटीवर डोळा असतो. सुशिक्षित प्रेक्षकाची समजूत घालून त्याला घरी पाठवले जाई. रामसे यांनी, विशेषतः 1978 च्या ‘दरवाजा’पासून, ही समजूत घालणे बंद केले. भूत म्हणजे भूत. आजोबाने केलेला अन्याय नातवाच्या दारात उभा राहतो आणि कोणताही इन्स्पेक्टर येऊन तो मिटवत नाही.

पूर्वजांच्या पापाने पछाडलेले घर, ज्यात शिरता येते पण सुटता येत नाही, ही कथा या कुटुंबाने इतक्या वेळा का सांगितली? गल्ला, हे एक उत्तर झालेच. पण ज्या माणसाने 1947 मध्ये एक अख्खे घर मागे कुलूप लावून, किंवा कुलूपही न लावता, सोडले आणि पुन्हा तिथे जाता आले नाही, त्याच्या मुलांनी आयुष्यभर जुन्या हवेल्यांच्या दारांवर कॅमेरा रोखावा, हे मला निव्वळ योगायोग वाटत नाही. फतेहचंदांनी स्वतः असे काही म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. ते म्हणणारही नाहीत. फाळणीतून आलेली माझ्या ओळखीची सिंधी माणसे धंद्याबद्दल तासन् तास बोलतात आणि घराबद्दल विचारले, की चहा मागवतात.

‘पुराना मंदिर’च्या घवघवीत यशानंतर घराला तडे गेले. 1985 मध्ये ‘सामरी’ त्रिमितीत काढला, नंतर ‘तहखाना’, ‘वीराना’, ‘पुरानी हवेली’. पण केशूने वेगळी चूल मांडली आणि पुढे अक्षयकुमारचे ‘खिलाडी’ मालिकेतले काही चित्रपट काढले. व्हिडिओ घराघरात आला. तालुक्याच्या गावची चित्रपटगृहे, जी यांचे खरे आश्रयदाते, एकेक करून मंगल कार्यालये झाली. ऐंशीचे दशक सरता सरता फतेहचंद गेले. 1993 साली तुलसी आणि श्याम यांनी ‘झी हॉरर शो’ सुरू केला आणि रात्री मुले पांघरुणातून एक डोळा उघडा ठेवून दिवाणखान्यातल्या खोक्याकडे बघू लागली. असले खोके विकून आणि दुरुस्त करून ज्याने संसार केला तो हे बघायला राहिला नाही. तुलसी 2018 मध्ये गेले, श्याम 2019 मध्ये, कुमार 2021 मध्ये, गंगू 2024 मध्ये.

मग पुढे काय? माझे म्हणणे असे, की फतेहचंदांच्या पिढीने जे मुरूडमध्ये पायाखाली असून उचलले नाही, तेच आता उचलले जात आहे. 2016 मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सिंधुदुर्गातल्या आकेरी गावच्या घरात चित्रित झाली आणि लोक ते घर बघायला गाड्या करून जाऊ लागले. 2018 मध्ये राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ आला. हस्तर हा त्यातला देव कल्पित, पण पाऊस, वाडा, हाव आणि बापाकडून मुलाकडे जाणारा शाप सगळे इथले. (राही हे अनिल बर्वे या लेखकाचे चिरंजीव. मराठी साहित्य भयपटाच्या वाटेवर पुन्हा असे भेटते.) पहिल्या खेपेला तो जेमतेम चालला. 2024 मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. त्याच वर्षी आदित्य सरपोतदारांचा ‘मुंज्या’ आला, कोकणातला, पिंपळावरचा, आपल्या पत्त्यासकट. तो हिंदीत होता आणि कानपूरलाही चालला. जिभेला पेलण्याची जुनी अडचण उरली नाही असे दिसते.

पण मला धास्ती आहे ती वेगळीच. ‘मुंज्या’चे भूत संगणकावर घडले आणि आता ज्याच्या त्याच्या हाती ते यंत्र आहे. ‘स्त्री’पासून भुताला विनोदाच्या ताटात वाढायची रीत पडली. कोट्यवधींचा गल्ला होतो, मालिका निघतात, एका चित्रपटातले भूत दुसऱ्यात पाहुणे म्हणून येते. रामसे यांच्या चित्रपटातही विनोद होता, पण तो भीतीच्या बाहेर उभा असे. सामरीवर कुणी हसत नसे. आता भूतच विनोद करते. शिवाय खरे घर, खरी पायरी, खरा काळोख यांची गरज संपत चालली, तर चित्रीकरणासाठी आमच्या किनाऱ्यावर यायचेही कारण राहणार नाही.

अर्थात अजून तरी लोक येतात. नागाव, रेवदंडा, काशीदकडच्या जुन्या घरांना वेबमालिकावाले भाडे विचारतात. आमच्या आळीतल्या एका घराची चौकशी गेल्या पावसाळ्यात झाली. मालक मुंबईला, घर बारा वर्षे बंद, कौले उतरलेली, माळ्यावर वटवाघळे. आलेल्या पोराने मोबाइलवर खोल्यांची छायाचित्रे काढली आणि मागच्या विहिरीत वाकून पाहिले. मग सगळ्यांना गप्प राहायला सांगून ते बंद माजघराचे दार चार वेळा उघडून मिटले, आणि हातातल्या यंत्रात त्याचा आवाज भरून घेऊन गेला.